ऑस्ट्रेलियाचा पार्टनर व्हिसा आणि नात्याचे पुरावे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पार्टनर व्हिसाचा, म्हणजे ऑस्ट्रेलियात स्थायिक असलेल्या जोडीदाराबरोबर तिथे राहण्यासाठीच्या व्हिसाचा, फॉर्म भरणं फार अवघड नाही. खरी कसोटी पुढे असते. आपला संसार खरा आहे, हे आपल्याला कधीही न भेटलेल्या केस ऑफिसरला निव्वळ कागदांवरून पटवायचं असतं. ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या आणि तिकडे जाऊ पाहणाऱ्या मराठी जोडप्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. ही सर्वसाधारण माहिती आहे. केसमध्ये काही गुंतागुंत असेल तर सल्ला नोंदणीकृत माणसाकडूनच घ्या.

पार्टनर व्हिसा म्हणजे नेमका कोणता?

अर्ज भरताना तुम्ही ऑस्ट्रेलियात असाल तर सबक्लास ८२० आणि त्यानंतर ८०१. बाहेर असाल तर ३०९ आणि त्यानंतर १००. यातला पहिला तात्पुरता, दुसरा कायमचा. अर्ज मात्र दोन्हींचा एकत्रच होतो. लग्न ठरलंय पण झालेलं नाही, अशांसाठी ३०० हा वेगळा व्हिसा आहे.

आमच्याकडे लग्नाचं सर्टिफिकेट आहे. तेवढ्यावर भागत नाही का?

नाही. सर्टिफिकेटवरून लग्न झालं एवढंच कळतं. १९५८ च्या मायग्रेशन अॅक्टमध्ये पती-पत्नी कोणाला म्हणायचं, याच्या आणखी अटी आहेत: एकमेकांशीच बांधलेलं आयुष्य, खरं आणि चालू असलेलं नातं, आणि एकत्र राहणं किंवा निदान कायमचं वेगळं न राहणं. सर्टिफिकेट लागतंच, पण ते फाइलचं पहिलं पान. लग्न विधिवत झालं असूनही नोंदणी राहून गेली असेल, तर आधी ती उरकून घ्या.

ते 'चार निकष' म्हणतात ते कोणते?

पैसा, घर, समाज आणि बांधिलकी. १९९४ च्या मायग्रेशन रेग्युलेशन्समध्ये हे चार भाग लिहिलेले आहेत आणि केस ऑफिसरला चारही तपासावे लागतात. पैशांत संयुक्त मालमत्ता, कर्जं आणि रोजचा खर्च कसा वाटला जातो ते येतं. घरात राहण्याची व्यवस्था, मुलांची जबाबदारी आणि घरकामाची वाटणी. समाजात, तुम्ही लोकांपुढे जोडपं म्हणून वावरता का आणि मित्र-नातेवाईक तुमच्याबद्दल काय सांगतात. बांधिलकीत, नातं किती दिवसांचं, एकत्र किती राहिलात, अडीअडचणीला एकमेकांना धरून असता का आणि पुढचा विचार काय आहे.

बहुतेक फाइली एकाच अंगाने फुगलेल्या असतात. फोटो भरमसाट आणि पैशांच्या बाजूला शुकशुकाट, किंवा बँक स्टेटमेंटचा ढीग आणि या दोघांना ओळखणारं जगात कोणीच नाही! चारही बाजूंना थोडं थोडं असलेली आटोपशीर फाइल त्याहून कितीतरी भक्कम ठरते. एखादी बाजू खरोखर लंगडी असेल तर ती का लंगडी आहे हे निवेदनात सरळ लिहा.

जॉइंट अकाउंट उघडलं की पैशांची बाजू झाली ना?

उघडल्याने होत नाही, वापरल्याने होते. दर महिन्याच्या एक तारखेला दोघांनी पन्नास-पन्नास डॉलर टाकायचे आणि त्यांना हात लावायचा नाही, अशी स्टेटमेंट्स केस ऑफिसर रोज पाहतो. खरं घर चालतं तेव्हा स्टेटमेंट गिचमिड दिसतं: पगार आला, भाडं गेलं, सोमवारी कोल्समध्ये खरेदी, मग विजेचं बिल, गाडीचा इन्शुरन्स, मधेच दातांच्या डॉक्टरचे पैसे. तशी बारा महिन्यांची स्टेटमेंट्स हाताशी असतील तर बाकीच्या कागदांवरचा भार हलका होतो.

जॉइंट अकाउंट नसलं म्हणून सगळं संपलं असंही नाही. भाडं एकाच्या खात्यातून आणि किराणा दुसऱ्याच्या खात्यातून जात असेल, तर दोघांची स्टेटमेंट्स लावा आणि त्या त्या नोंदींवर खूण करा. शिवाय सुपरच्या (निवृत्ती फंडाच्या) खात्यात जोडीदाराला लाभार्थी नेमल्याचं पत्र, मृत्युपत्र, दोघांच्या नावावरची आरोग्य विमा पॉलिसी, एकत्र घेतलेल्या गाडीचे कागद, प्रवासाची बुकिंग्ज. भारतात नोकरी करणाऱ्यांनी पीएफचं नॉमिनेशन बघावं. लग्नाआधी केलेलं नॉमिनेशन लग्नानंतर बाद ठरतं, म्हणून ते नव्याने करावंच लागतं. व्हिसासाठी नाही, नियमासाठी. आणि नेमके असेच कागद सगळ्यात जास्त पटतात, कारण ते व्हिसा डोळ्यांपुढे ठेवून केलेले नसतात.

भाडेकरारावर एकाचंच नाव आहे. आता काय?

रिअल इस्टेट एजंटला ईमेल करून दुसऱ्याचं नाव करारात घालता येतं का ते विचारा. करार मध्यावर असल्यामुळे ते नाही म्हणाले, तर निदान घरात राहणारी मान्य व्यक्ती म्हणून नोंद करून घ्या आणि ती ईमेल जपून ठेवा. पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी दोघांची नावं घाला, बाँडमध्येही (भाड्याच्या अनामत रकमेच्या नोंदीत). तोवर त्या पत्त्यावर दोघांच्या नावाने येणारी टपालं चालतात: ड्रायव्हिंग लायसन्स, बँकेची पत्रं, वीज-इंटरनेटची बिलं, कौन्सिलची नोटीस, मेडिकेअरचं पत्र. एकाच काळातली, एकाच पत्त्यावरची, दोन वेगळ्या नावांची पत्रं जोडीने लावा.

आम्ही सासू-सासऱ्यांबरोबर राहतो. ना भाडं, ना बिलं.

मराठी घरांत हे सर्रास असतं. आई-वडिलांकडून सहीचं पत्र घ्या: दोघं कधीपासून राहतात, कुठली खोली आहे, खर्चाला काय हातभार लावतात, स्वयंपाकपाणी कोण बघतं. सोबत त्यांच्या नावाचं घराचं बिल आणि तुम्हा दोघांना त्या पत्त्यावर आलेलं टपाल. शेअर घरात राहत असाल तर घरातल्या इतरांकडून असंच पत्र.

घरकामाची वाटणी हा निकष लोकांना गंमतीचा वाटतो आणि ते तो सोडून देतात. निवेदनात दोन-चार खरी वाक्यं पुरतात. "ती रात्रपाळीला असते म्हणून रात्रीचा स्वयंपाक मी करतो, कपडे आणि बिलं ती बघते" हे वाक्य "आम्ही सर्व कामे समान वाटून घेतो" यापेक्षा किती खरं वाटतं बघा.

ठरवून लग्न झालं, जेमतेम तीन आठवडे एकत्र राहिलो आणि हे मेलबर्नला परतले. आमच्याकडे पुरावा आहे तरी काय?

वाटतो त्यापेक्षा जास्त. प्रेमविवाहासारखी दोन-तीन वर्षांची गोष्ट तुमच्याकडे नाही, आणि ती रचायची गरजही नाही. स्थळ कोणी सुचवलं, पहिलं बोलणं कधी झालं, घरच्यांची बैठक कुठे झाली, होकार कसा ठरला, हे जसं घडलं तसं लिहा. लग्न जुळवणाऱ्या साइटवरून ओळख झाली असेल तर पहिल्या मेसेजचा स्क्रीनशॉटही लावा.

मग लग्नाचे कागद: पत्रिका, कार्यालयाची आणि केटररची पावती, साखरपुड्यापासून पूजेपर्यंतचे मोजके फोटो. लग्नानंतरचे तीन आठवडे कुठे राहिलात, कुठे फिरलात, त्याची तिकिटं आणि हॉटेलची बिलं. त्यानंतरच्या काळात सगळ्यात जास्त वजन सातत्याला असतं: फोन आणि व्हिडिओ कॉलच्या नोंदी, एकमेकांना पाठवलेले पैसे, वाढदिवसाला आलेलं पार्सल, नवऱ्याच्या घरी सणाला गेलात त्याचे फोटो, पासपोर्टवर घातलेलं जोडीदाराचं नाव. आणि शक्य असेल तर पुढची भेट. दूर असतानाही सुटी काढून येणं-जाणं होत असेल, तर ते तिकीटच बोलतं.

तात्पुरतं वेगळं राहणं कायद्याला चालतं. ते तात्पुरतं आहे आणि का आहे, एवढं कागदावर यायला हवं.

व्हॉट्सअ‍ॅपचे चॅट किती द्यायचे?

सगळे देऊ नका. हजार पानांचं चॅट कोणी वाचत नाही, आणि त्यातून तुमचं भांडण, तुमच्या मैत्रिणीचा घटस्फोट, सासूबद्दलची मतं असं सगळं सरकारी फाइलीत जाऊन बसतं. दर महिन्याचं एखादं-दोन पान पुरे, ओळख झाल्यापासून अर्जापर्यंत, तारखा दिसतील असं. निवड करताना प्रेमाचे इमोजी नकोत, व्यवहार हवा: "दूध आण", "बाबांचा रिपोर्ट आला का", "एजंटला फोन केलास?" दूर राहणाऱ्यांनी कॉलच्या यादीचे स्क्रीनशॉट लावावेत.

आणि एक. चॅट मराठीत असेल तर भाषांतर लागतं. रोमन लिपीत टाइप केलेलं मराठीही मराठीच असतं.

फोटो किती आणि कोणते?

लग्नाचे चारशे फोटो म्हणजे एकाच दिवसाचा पुरावा. त्यातले पाच-सात घ्या. बाकी वेगवेगळ्या ऋतूंतले, वेगवेगळ्या जागांचे आणि मुख्य म्हणजे इतर माणसांबरोबरचे निवडा. फक्त दोघांच्या सेल्फीतून समाज दिसत नाही. मित्राच्या मुलीच्या बारशाला तुम्ही दोघं मागच्या रांगेत उभे आहात, त्या फोटोत दिसतो. एका पानावर दोन-तीन फोटो ठेवा आणि खाली ओळ लिहा: "डिसेंबर २०२३, होबार्ट. डावीकडून अर्जदाराची आत्या, अर्जदार, स्पॉन्सर. नाताळच्या सुटीतली भेट." (स्पॉन्सर म्हणजे ऑस्ट्रेलियात स्थायिक असलेला जोडीदार.)

फॉर्म ८८८ कोणाकडून भरून घ्यायचा?

हा साक्षीदाराने तुमच्या नात्याबद्दल लिहून द्यायचा फॉर्म. तो तुम्हा दोघांनाही ओळखणाऱ्या, १८ वर्षांवरच्या ऑस्ट्रेलियन नागरिकांकडून किंवा कायमच्या रहिवाशांकडून. निदान दोन हवेत, आणि प्रत्येकाने आपल्या ओळखपत्राची, नागरिकत्वाची किंवा पीआरची प्रत जोडायची. डिपार्टमेंट ऑफ होम अफेअर्सच्या साइटवरूनच चालू आवृत्ती उतरवा. कोणी पाठवलेली जुनी पीडीएफ वापरू नका. भारतातल्या नातेवाईकांना हा फॉर्म बहुधा भरता येत नाही, पण त्यांनी साध्या कागदावर सहीनिशी लिहिलेलं पत्र जरूर लावा.

खरी गोम मजकुरात असते. मंडळातल्या प्रतिष्ठित काकांनी "हे दोघे अतिशय सुसंस्कृत असून त्यांचे नाते खरे आहे" असं लिहून दिलं, तर त्या कागदाला फारशी किंमत नाही. त्याऐवजी ऑफिसातल्या सहकाऱ्याने "मार्चमध्ये त्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा ती आठवडाभर रोज हॉस्पिटलात होती, मी त्यांच्या घरी डबा घेऊन गेलो होतो" असं लिहिलं, तर केस ऑफिसरला काहीतरी हाती लागतं. दोन्ही साक्षीदारांचा मजकूर शब्दशः सारखा असेल तर मात्र कपाळाला आठी पडणारच. तुम्ही लिहून त्यांच्याकडून सही घेऊ नका. कोणत्या गोष्टींवर लिहायचं ते सांगा, लिहू द्या त्यांना.

आमचं स्वतःचं निवेदन किती लांब हवं?

दोन-तीन पानं, दोघांचं वेगळं. कुठे, कधी, कसे भेटलात. नातं कसं पुढे गेलं. एकत्र राहायला कधी लागलात. वेगळे राहिलात तो काळ. पैसे आणि घर कसं चालवता. पुढे काय ठरवलंय. लिहिण्याआधी दोघांनी बसून तारखांचा एक तक्ता करा. एकाच्या निवेदनात पहिली भेट मे महिन्यात आणि दुसऱ्याच्या निवेदनात जुलैत, असल्या चुका शंकेला जागा देतात. तुम्ही देशात कधी आलात आणि कधी गेलात याची नोंद डिपार्टमेंटकडे असतेच.

लग्न केलेलं नाही, एकत्र राहतो. चालतं का?

चालतं. याला डी फॅक्टो म्हणतात. अट अशी की अर्जाच्या लगेच आधीचे निदान १२ महिने हे नातं असलं पाहिजे. नुसतं डेटिंग करत होतात तो काळ यात बहुधा धरला जात नाही. नात्याची राज्यात नोंदणी केलीत तर १२ महिन्यांची अट लागत नाही. अशी सोय न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया, क्वीन्सलँड, साउथ ऑस्ट्रेलिया, टास्मानिया आणि एसीटीत (कॅनबेराच्या प्रदेशात) आहे. वेस्टर्न ऑस्ट्रेलिया आणि नॉर्दर्न टेरिटरीत नाही. पण नोंदणीमुळे फक्त ती एक अट सुटते, चार निकष आहेत तिथेच राहतात.

आम्ही समलिंगी जोडपं आहोत आणि भारतात घरी माहीत नाही.

ऑस्ट्रेलियात ९ डिसेंबर २०१७ पासून समलिंगी विवाह कायदेशीर आहे आणि डी फॅक्टोचा मार्गही तुम्हाला खुला आहे. अडचण येते ती 'समाज' या निकषात. घरच्यांचे फोटो नाहीत, पत्रं नाहीत. हे लपवू नका. घरी का सांगता आलं नाही ते निवेदनात लिहा आणि ज्यांना माहीत आहे अशा मित्रांकडून, सहकाऱ्यांकडून सविस्तर फॉर्म ८८८ घ्या. पाहुणे आले की दोन खोल्यांत झोपता, हेही लिहायला हरकत नाही. लपवावं लागणारं नातं खोटं ठरत नाही.

टॅक्स रिटर्नमध्ये मी 'सिंगल' लिहिलंय. कोणाला कळणार?

कळू शकतं, आणि बहुतेक वेळा तुम्हीच लावलेल्या कागदांवरून! रिटर्नमध्ये जोडीदाराचा रकाना असतो आणि त्यात डी फॅक्टोही धरतात. व्हिसाच्या अर्जात "जानेवारीपासून एकत्र" आणि त्याच वर्षीच्या रिटर्नमध्ये जोडीदार नाही, हे जुळत नाही. रिटर्न दुरुस्त करता येतं. ते आधी करा. सेंटरलिंकचंही (सरकारी भत्ते देणाऱ्या खात्याचंही) तेच. जुने स्टुडंट किंवा व्हिजिटर व्हिसाचे अर्जही काढून वाचा, तिथे वैवाहिक स्थिती काय लिहिली होती ते बघा. फरक असेल तर त्याचं खरं कारण निवेदनात द्या.

भाषांतर कोणाकडून?

इंग्रजीत नसलेल्या प्रत्येक कागदाचं भाषांतर लागतं, मूळ प्रतीसह. ऑस्ट्रेलियात करत असाल तर नाटी या भाषांतरकारांना मान्यता देणाऱ्या संस्थेचं प्रमाणपत्र असलेल्या भाषांतरकाराकडून. बाहेर करत असाल तर भाषांतरकाराने आपलं पूर्ण नाव, पत्ता, फोन आणि त्या भाषेतली पात्रता व अनुभव इंग्रजीत लिहून द्यायला हवा. चुलत भावाने केलेलं भाषांतर लावू नका. पत्रिकेवरचं 'चि.सौ.कां.' त्याला कितीही सुरेख जमलं असलं तरी.

फाइली कशा लावायच्या?

इमीअकाउंटवर, म्हणजे डिपार्टमेंटच्या ऑनलाइन अर्जाच्या खात्यावर, एका फाइलला ५ एमबीची मर्यादा आहे आणि फाइलींच्या संख्येलाही मर्यादा असते. म्हणून प्रत्येक बिल सुटं चढवू नका. वर्षभराची विजेची बिलं एका पीडीएफमध्ये, तारखेच्या क्रमाने. नाव असं द्या की न उघडता कळावं: "घर – वीज बिलं – जुलै २०२३ ते जून २०२४", अर्थात इंग्रजीत. सुरुवातीला एक पानाची अनुक्रमणिका लावा, चार निकषांप्रमाणे.

एखादा कागद मागच्या तारखेचा करून घेतला तर?

नाही. पब्लिक इंटरेस्ट क्रायटेरियन ४०२० नावाची अट आहे. खोटा कागद किंवा दिशाभूल करणारी माहिती दिली तर व्हिसा नाकारला जातो आणि पुढची ३ वर्षं ही अट असलेले इतर व्हिसाही मिळणं कठीण होतं. ओळखीबाबत खोटं बोललात तर १० वर्षं. शिवाय फी बुडते ती वेगळीच. १ जुलै २०२५ पासून मुख्य अर्जदाराची फी ९,३६५ डॉलर झाली. ती साधारण दर जुलैत वाढते. पुरावा कमी पडतोय असं वाटत असेल आणि मुदतीची घाई नसेल, तर चार-सहा महिने थांबून मग अर्ज करणं हा जास्त शहाणपणाचा मार्ग.

अर्जानंतर नातं बिघडलं तर?

डिपार्टमेंटला कळवावं लागतं. पण घरात मारहाण, धाक, पैशांची कोंडी किंवा इतर छळ होत असेल, तर "व्हिसा जाईल" या भीतीने सोसत राहू नका. कौटुंबिक हिंसेमुळे नातं तुटलं तरी कायमचा व्हिसा मिळू शकेल अशी तरतूद कायद्यात आहे. तातडीच्या मदतीसाठी ०००, बोलण्यासाठी कौटुंबिक हिंसेची हेल्पलाइन १८०० ७३७ ७३२. तुमच्या कागदांच्या प्रती स्वतःजवळ, वेगळ्या ईमेलवर ठेवा. ही सूचना सगळ्यांनाच.

एजंट लागतोच का?

लागत नाही. साधी, सरळ केस असेल आणि दोघांना कागदपत्रांचा कंटाळा नसेल तर स्वतः करता येते. आधी व्हिसा नाकारला गेला असेल, व्हिसा संपलेला असेल, पोलिस केस असेल किंवा स्पॉन्सरने पूर्वी कोणाला स्पॉन्सर केलं असेल, तर पैसे खर्च करा. स्पॉन्सरला आयुष्यात दोनदाच आणि तेही पाच वर्षांच्या अंतराने स्पॉन्सर करता येतं, हा नियम पुष्कळांना अर्ज केल्यावर कळतो. इमिग्रेशनचा सल्ला फक्त नोंदणीकृत मायग्रेशन एजंट किंवा वकील देऊ शकतात. ओळखीतले 'सगळं करून देणारे' दादा यात येत नाहीत.

अर्ज भरला. आता पुरावे जमवणं थांबवायचं का?

अजिबात नाही. निर्णय व्हायला महिनेच्या महिने जातात आणि तेवढ्या काळाचंही नातं दिसावं लागतं. दर तीन-चार महिन्यांनी नवी स्टेटमेंट्स, नवा भाडेकरार, प्रवास असं चढवत राहा. डिपार्टमेंटने आणखी माहिती मागितली तर पत्रात मुदत दिलेली असते, बहुधा २८ दिवस, म्हणून ईमेलचा स्पॅमही बघत जा.

कायमच्या व्हिसाचा टप्पा साधारणपणे अर्जाच्या तारखेनंतर दोन वर्षांनी येतो. अर्जाच्या वेळीच नात्याला तीन वर्षं झालेली असतील, किंवा मूल असून दोन वर्षं, तर दोन्ही व्हिसा पाठोपाठ मिळू शकतात.

दुसऱ्या टप्प्याला पुन्हा फी भरायची का?

नाही, पहिल्याच फीमध्ये दोन्ही टप्पे येतात. पुरावे मात्र नव्याने द्यायचे, पहिल्या व्हिसानंतरच्या काळातले, आणि फॉर्म ८८८ सुद्धा नवे.